बदली

हिंदी मुलखात नोकरी करणाऱ्या आम्हां मराठी माणसांची बदली होत नाही, ‘स्थानांतरण’ होते. तो शब्द मनुष्याच्या पेशीतही वावरतो, हे आम्हांस एका स्नेह्यांच्या घरी कळले.

स्नेह्यांची कन्या चार वर्षांची आहे. तिला ‘डाऊन’ लक्षणसमूह आहे. ग्रहणात सूनबाईंनी विळी हाती धरली म्हणून हे झाले, असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणत आणि ती माउली मुकाट्याने ऐकून घेई. अखेर डॉक्टरांनी तिघांचीही गुणसूत्रे तपासविली.

मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रे ४६ असतात, हे त्यो आणि लेव्हान यांनी १९५६ साली दाखवून दिले. तोवर शास्त्रज्ञ ४८ धरून चालले होते. १९५९ साली पॅरिसच्या लेझ्यून, गोतिए व त्यूर्पॅं यांनी ‘डाऊन’ मुलांत ४७ असल्याचे प्रसिद्ध केले. एकविसावे गुणसूत्र दोनांऐवजी तीन! बहुधा बीजपेशी घडताना जोडी विलग न झाल्याने हे होते. शंभरांतील तीन-चार मुलांत मात्र प्रकार निराळा: जादा एकविसावे दुसऱ्या गुणसूत्रास, पुष्कळदा चौदाव्यास, चिकटलेले असते. अशी बदली आईच्या किंवा बापाच्या पेशींत असली, तर त्यांची गुणसूत्रे ४५ भरतात; पण आवश्यक ऐवज शाबूत असल्याने प्रकृतीस बाध येत नाही. हिशेब चुकतो तो पुढील पिढीच्या वाटणीत. अपत्याला नेहमीची दोन एकविसावी मिळतात आणि चिकटलेले तिसरेही.

अहवाल आला. बदली सूनबाईंच्या नव्हे, खुद्द स्नेह्यांच्याच पेशींत निघाली. विळीचा विषय त्या दिवशी घरातून उठला. पण आईवरचा दोष उचलून बापावर ठेवण्यात आम्हांस स्वारस्य नाही. त्या गुणसूत्राने जागा सोडताना कोणाची अनुमती घेतली नव्हती.

आता खरा प्रश्न निराळाच आहे. स्नेह्यांचे धाकटे बंधू लग्नाचे आहेत. हीच बदली त्यांच्याही ठायी असू शकेल, म्हणून त्यांनी तपासणी करून घ्यावी, असे डॉक्टरांनी सुचविले आहे. घरात कुजबुज चालू आहे: स्थळ मोडेल, कुळास बट्टा लागेल, गप्प राहावे. स्नेह्यांनी आमचे मत विचारले. आम्ही म्हटले, “पत्र आजच टाका. आपल्या घरी एका स्त्रीने चार वर्षे जे सोसले, ते दुसरीच्या वाट्यास कशाला?”