अंकल बेन परत आले

१९४९ च्या जूनमध्ये एनबीसीने हॉपअलाँग कॅसिडीचे जुने चित्रपट टीव्हीवर दाखवायला सुरुवात केली, तेव्हा माझे सासरे सात वर्षांचे होते. पेन्सिल्व्हेनियातल्या त्यांच्या घरी टीव्ही नव्हता. शेजारच्या घरी सगळी पोरं जमिनीवर मांडी ठोकून बसायची. मी सून म्हणून या घरात आले, तेव्हापासून सासरे, थोरले चुलत सासरे आणि आत्येसासूबाई एकत्र जमले की विषय 'हॉपी'वर जातोच. आमच्या घरात रामायण-महाभारत जसं सर्वांचं सामायिक होतं, तसा त्यांच्याकडे हा काळ्या कपड्यांतला, पांढऱ्या केसांचा घोडेस्वार. घोड्याचं नाव टॉपर.

क्लॅरन्स मलफर्डच्या कथांमधला मूळ कॅसिडी दारू पिणारा, शिव्या देणारा रांगडा गडी. पडद्यावर विल्यम बॉइडने त्याचा सभ्य माणूस केला. तो दारूला शिवत नसे, आणि मुलांना तेच आवडलं. १९३५ ते १९४८ या काळात असे ६६ चित्रपट निघाले. बेताचा खर्च, तासा-सव्वा तासाची गोष्ट, तेच मित्र आणि कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनजवळचे तेच गोलसर खडक, मागे सिएरा नेवाडाची बर्फाळ शिखरं. शेवटी न्याय होणार हे ठाऊक असायचं. युद्धातून घरी आलेले, गप्प गप्प असणारे बाप ज्या घरांत होते, तिथल्या मुलांना ही खात्री फार मोलाची होती, असं मला वाटतं.

पण मालिकेच्या पहिल्याच चित्रपटात एक माणूस मरतो. दोन रँचेसमध्ये भांडण लावून देणारा कपटी मुकादम, पायाला गोळी लागून लंगडणारा कॅसिडी, आणि म्हातारे अंकल बेन. गॅबी हेज या नटाने ते साकारलेत. गोळी लागून अंकल बेन जातात. आत्येसासूबाई त्या रात्री जेवल्या नव्हत्या. त्यांचे आजोबा नुकतेच गेले होते, आणि घरात त्यांच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

पुढे एका चित्रपटात तीच दाढी, तेच बोळकं, तीच कुरकुर पुन्हा दिसली. या वेळी नाव विंडी. हेज लोकांना इतका भावला होता की निर्माता हॅरी शर्मनने त्याला लगेच परत आणलं, आणि तिसऱ्या चित्रपटापासून तो विंडी म्हणून हॉपीचा सोबती झाला. मोठ्या भावाने समजावलं, हा नट आहे, मेलेला दुसरा. बहिणीला ते पटेना. तिच्या मते अंकल बेन बरे होऊन आले होते, फक्त आता नाव बदलून राहत होते. धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिची बाजू घेतली. हा वाद आजही चालतो, आणि तो ऐकताना मला या तिघांचं बालपण लख्ख दिसतं.

हे सगळं घराघरात पोचलं ते बॉइडच्या हिमतीमुळे. नव्या चित्रपटांना मागणी उरली नव्हती. अशा वेळी त्याने आपलं रँच विकलं आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर मोजून सगळे हक्क घेतले. टीव्हीने त्याचं सोनं केलं. १९५० मध्ये अॅलडिन कंपनीने हॉपीचं चित्र लावलेला पत्र्याचा जेवणाचा डबा काढला आणि पहिल्या वर्षात सुमारे ६ लाख डबे खपले. थोरल्यांकडे लाल, सासऱ्यांकडे निळा. आत्येसासूबाईंनी डब्याऐवजी काळा शर्ट मागितला. लहान मुलीला काळे कपडे घालायला त्यांची आई तयार नव्हती. शेवटी आजीने शिवून दिला.

बॉइड १९७२ साली वारला. बातमी आली तेव्हा तिघं तीन गावांत होती. सर्वांत आधी फोन केला तो आत्येसासूबाईंनी, आणि भावांना विचारलं, "विंडी कुठे असेल आता?" हेज तीन वर्षांपूर्वीच गेला होता. थोरल्या भावाने तिला ते सांगितलं नाही.