घाट उतरतांना

आमचें वाशिंद हें शहापूर तालुक्यांतील भातसा नदीकांठचें लहानसें गांव. १ ऑक्टोबर १८५५ रोजीं कल्याणहून निघालेला लोहमार्ग येथवर येऊन पोहोंचला, आणि पुढें आसनगांवास जावयास १८६० साल उजाडलें. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ या बाजूस आगगाडीचा शेवट आमच्याच गांवीं होता. नंतर १८६१ सालीं कसारा आणि थळघाट चढून १८६५ सालीं इगतपुरी! कसाऱ्याहून इगतपुरीस जातांना गाडी सुमारें ३०० मीटर वर चढते, व चढ कोठें कोठें सदतिसांस एक असा आहे. चढतांना गाडीस जादा एंजिनें जोडतात, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु उतरतांना ताबा सुटलेली गाडी बाजूस घेऊन थोपविण्यासाठीं या घाटांत निराळे रूळ घालावे लागले, हें फारसें कोणी लक्षांत घेत नाहीं. आमच्याही तें लक्षांत नव्हतें. गेल्या माघांत तें चांगलेंच लक्षांत आलें.

आम्ही उभयतां लेकीकडे नाशिकास गेलों होतों. परततांना जांवई स्वतःच्या मोटारीनें पोंचवावयास निघाले. २०२५ सालापासून समृद्धि महामार्गाच्या बोगद्यांतून घाट टाळून खालीं येतां येतें. पण नातवास घाट दाखवावा, अशी इच्छा आमचीच. मोटार नवी, आपोआप गियर बदलणारी. किंबहुना तिच्यांत ठराविक गियर नाहींतच. उतार लागतांच आम्हीं मास्तरकीच्या संवयीनें उपदेश केला, “ब्रेकवरचा पाय काढूं नका हो!” जांवयांनीं “बरें, अण्णा” म्हणून तो पाळला. अर्धा घाट उतरलों नाहीं तों जळकट वास येऊं लागला. जांवयांचा चेहरा पडला. “अण्णा, ब्रेक मऊ लागतो आहे,” ते हळूच म्हणाले. मागें नातू आजीच्या मांडीवर झोपीं गेला होता. पुढें वळण होतें, आणि त्यापलीकडे दरी.

दैवानें वळणाअलीकडे रुंद जागा होती. जांवयांनीं हातब्रेक बेताबेतानें ओढीत गाडी कडेस घेतली व आम्हीं चाकाखालीं दगड लावला. तेथें एक वयस्क लॉरीवाले चहा पीत बसले होते. वास येतांच तेच उठून आले. जांवई पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघालेले पाहून ते म्हणाले, “पाणी ओतूं नका, साहेब, तापलेली तबकडी तडकते. थंड होऊं द्या.” मग आमच्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, घाट ब्रेकवर उतरायचा नसतो. एंजिनावर उतरायचा.”

“पण हिला गियरच नाहींत,” जांवई म्हणाले.

“नसूं द्या. दांडीवर डीच्या खालीं काय लिहिलं आहे?”

तेथें ‘एल’ असें अक्षर होतें. वर्षभरांत त्याला कोणीं हात लावला नव्हता!

अर्ध्या तासानें ब्रेक पूर्ववत् लागूं लागला, तो जागच्या जागीं दोनदां तपासून पाहिला, आणि उरलेला घाट आम्ही त्या अक्षरावर उतरलों. एंजिन मोठ्यानें घुमूं लागलें; गाडी मात्र पाळीव बैलासारखी चालली. कसाऱ्यापर्यंत ब्रेकला पांचसहा वेळांच काय तो पाय लागला असेल.

घरीं आल्यावर आम्हीं हिशेब मांडला. माणसांसह १४०० किलो वजनाची गाडी ३०० मीटर खालीं येते, तेव्हां मोकळ्या होणाऱ्या शक्तीनें सुमारें १३ लिटर थंड पाणी उकळीस येईल! त्यांतील कांहीं भाग वारा व टायर घेतात. उरलेली सारी उष्णता चार चाकांच्या ब्रेकांवर टाकली, तर ब्रेकमधील तेल उकळून त्याची वाफ होते. तेल दाबलें जात नाहीं. वाफ दाबली जाते. म्हणून पाय खालीं जातो, पण चाक थांबत नाहीं.

या मोटारींत दोन कप्प्या व त्यांवर पोलादी पट्टा असतो. कप्प्या रुंद-अरुंद होऊन वेग व जोर यांचें प्रमाण पायऱ्यांवांचून बदलतें. ‘डी’मध्यें यंत्राचा कल पेट्रोल वांचविण्याकडे, म्हणजे एंजिन सावकाश फिरविण्याकडे असतो, मग तें उतारावर गाडीस फारसें अडवीत नाहीं. ‘एल’मध्यें चाकेंच एंजिनास जोरानें फिरवितात, आणि बंद झडपेआड हवा ओढतांना व घर्षणांत त्यांची शक्ति खर्ची पडते. मोठा आवाज ऐकून पेट्रोल जळतें असें वाटतें. परंतु वेगाचा पाय उचललेला असतांना तें बहुधा बंदच असतें. कांहीं गाड्यांवर हेंच अक्षर ‘एस’ वा ‘बी’ असतें.

लॉरीवाल्यांनीं आणखीही सांगितलें, तें वाचकांनीं गांठीस बांधावें. उतार लागण्यापूर्वींच दांडी बदलावी. ‘एन’वर गाडी कधींही सोडूं नये. वेग वाढलाच तर ब्रेक ठाम दाबून वेग उतरवावा व पाय सोडावा; हलका पाय सतत ठेवणें हेंच घातक. पावसाळ्यांत निसरड्या रस्त्यावर हा बदल एकदम न करतां आधीं वेग कमी करावा. आणि एंजिन गाडी आवरतें तेव्हां मागचा लाल दिवा लागत नाहीं, म्हणून मागच्या गाडीचें भान राखावें.

कठोपनिषदांतील रथाचें रूपक आम्हीं वर्षानुवर्षें मुलांस समजावून दिलें: बुद्धि सारथि, मन लगाम, इंद्रियें घोडे. पण लगाम सतत ओढून धरला तर तोही तुटावयाचा, हें शिकविण्यास आम्हांस घाटांत एक गुरु भेटावे लागले. नातू आतां पत्रांतून विचारतो, “आजोबा, ब्रेकवर पाय ठेवायला कोणीं सांगितलें होतें?” आम्हीं उत्तरीं लिहिलें, “आम्हींच.”