थंडी खालून येते

झोपलेला माणूस म्हणजे साधारण ७५ वॅटचा हीटर. पूर्वी घराघरांत असायचे त्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता आपण रात्रभर बाहेर टाकत असतो. इंधन म्हणून रात्रीचं जेवण पुरतं. गारठ्यात झोपायचा सगळा प्रश्न एवढाच, की ही उष्णता अंगाजवळ किती वेळ थांबते.

हे गणित मांडायची वेळ माझ्यावर कॅम्पर ट्रेलरमुळे आली. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची, चाकांवरची खोली. आमचा ट्रेलर सोळा फुटांचा, सेकंडहँड. त्यात एक पलंग, एक बाक (रात्री त्याचाही पलंग होतो), दोन बर्नरची शेगडी आणि मावेल एवढंच बाथरूम. मी आणि बायको डेन्व्हरला असतो, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. शुक्रवारी लॅपटॉप बंद करायचा, ट्रेलर जोडायचा आणि डोंगरात जायचं, हा दोन वर्षांचा परिपाठ. अशा ट्रेलरचे फोटो तुम्हीही इन्स्टाग्रामवर पाहिले असतील. दिव्यांची माळ, वाफाळता कॉफीचा मग, खिडकीबाहेर बर्फ. त्या फोटोंमध्ये रात्रीचे तीन कधीच वाजलेले नसतात.

तीन वाजता काय होतं, ते सांगतो. ट्रेलरची भिंत दिसायला भिंत असते, पण तिच्यात फोम असतो जेमतेम दीड इंच. खिडक्यांना एकेरी काच. कोलोरॅडोत सात-आठ हजार फुटांवर ऑक्टोबरच्या रात्री पारा सहज शून्याखाली जातो, आणि हवा कोरडी असल्यामुळे सूर्य मावळला की तासाभरात दिवसाची ऊब कुठल्या कुठे जाते. जमिनीवरच्या घराला खालून निदान मातीचा आधार असतो. ट्रेलरच्या पोटाखालून वारा वाहतो.

मग हीटर लावायचा की! आहे ना. प्रोपेनवर चालणारी भट्टी ट्रेलरमध्ये बसवलेलीच असते. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूपात राहतो, त्यामुळे थंडीत सिलिंडर रुसत नाही. आपल्याकडच्या गॅसमध्ये ब्यूटेनही असतो. तो शून्याच्या आसपासच द्रव व्हायला लागतो, म्हणून लडाखसारख्या ठिकाणी हिवाळ्यात गॅस मंदावतो. पण भट्टीची गरम हवा खोलीत ढकलायला पंखा लागतो, तो बॅटरीवर चालतो, आणि डोंगरातल्या बऱ्याच कॅम्पग्राउंडवर विजेचं कनेक्शन नसतं. आमची बॅटरी १०० अँपिअर-अवरची, साध्या लेड-ॲसिडची. ती टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ५०. पंखा खातो सातेक अँपिअर. सलग चालला तर सात तासांत खेळ खलास, आणि थंडीत बॅटरी आणखी आखडते. म्हणून आम्ही थर्मोस्टॅट १० अंशांवर ठेवतो. खोली उबदार करण्याचा नाद सोडायचा आणि फक्त माणूस उबदार ठेवायचा.

माणूस उबदार ठेवायचा तर पहिला शत्रू ओल. प्रत्येक जण रात्रभर श्वासातून आणि त्वचेतून पेलाभर तरी पाणी हवेत सोडतो. ते जाऊन गार काचेवर, पत्र्यावर आणि गादीच्या खालच्या अंगाला जमतं. सकाळी गादी उचलून पाहिली तर फळी घामेजलेली असते. त्यात कोणी आत शेगडी पेटवली तर विचारूच नका, एक किलो प्रोपेन जळताना दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं. उपाय ऐकायला उलटा वाटतो. छताची झडप इंचभर उघडी ठेवायची. थोडी थंडी आत येते, पण ओल बाहेर जाते. कोरड्या गारठ्यात झोप लागते, ओल्या गारठ्यात नाही.

दुसरी गोष्ट स्लीपिंग बॅगवरच्या आकड्याची. उणे सात लिहिलंय म्हणजे उणे सातला गाढ झोप लागेल, असं नाही. आंतरराष्ट्रीय मानकातले दोन आकडे बघायचे असतात. एक 'कम्फर्ट', दुसरा 'लोअर लिमिट', म्हणजे अंग आक्रसून कशीबशी रात्र काढण्याची हद्द. पिशवीवर ठळक अक्षरांत बहुतेकदा हा दुसरा आकडा असतो. विकत घेताना बारीक अक्षरांतला पहिला शोधायचा.

तिसरी युक्ती सगळ्यांत स्वस्त. झोपताना स्टीलच्या बाटलीत एक लिटर गरम पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, बाटली मोज्यात घालायची आणि पायाशी ठेवायची. ९० अंशांवरून ३५ पर्यंत निवताना ते पाणी सुमारे २३० किलोज्यूल उष्णता देतं. ७५ वॅटच्या हिशेबानं ही तुमच्या शरीराची पाऊण तासाहून जास्त वेळाची कमाई. अंथरुणात तेवढा वेळ आणखी एक माणूस येऊन झोपल्यासारखं.

आणि एक नियम, ज्याला आमच्याकडे अपवाद नाही. आत पेटतं काही ठेवून झोपायचं नाही. ट्रेलरच्या भट्टीची ज्योत बंद पेटीत असते. ती बाहेरची हवा घेते आणि धूर बाहेरच सोडते, म्हणून ती चालते. गॅसची शेगडी, कोळसा, उघडा हीटर, काहीही नाही. बंद जागेत ज्वलन अर्धवट राहिलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीनं त्याला धरून बसतं. माणसाला गुदमरल्यासारखंसुद्धा वाटत नाही, झोप येत जाते. उत्तर भारतात दर हिवाळ्यात खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, अशी बातमी असतेच. ट्रेलर घेतला त्याच दिवशी आम्ही आतला जुना अलार्म काढून नवा बसवला होता.

हे सगळं मी गेल्या ऑक्टोबरमध्ये अण्णांना समजावून सांगत होतो. अण्णा म्हणजे माझे वडील, बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. रिटायर झाल्यावर आई आणि ते पहिल्यांदाच इकडे आले होते. आम्ही त्यांना ग्रेट सँड ड्यून्सला घेऊन गेलो. डेन्व्हरपासून चारेक तासांवर बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याशी वाळूच्या टेकड्या आहेत, उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत उंच, साडेसातशे फुटांच्या घरात. आईनं चपला हातात घेऊन वाळूत फेरी मारली, घरी व्हिडिओ कॉल केला, सगळं यथासांग झालं. संध्याकाळी ट्रेलरमध्ये मी थर्मोस्टॅट, अलार्म, बॅटरीचा मीटर असं एकेक दाखवत होतो. अण्णा मान डोलावत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"खाली काय टाकलंय?"

मी म्हटलं, गादी आहे की चार इंचांची.

त्यांनी गादीचा कोपरा उचलला, खालच्या फळीला तळहात लावला. "वरून कितीबी घाल. थंडी खालून येती."

शास्त्र त्यांच्याच बाजूचं. ऊब देते ती कापसात, पिसांत, लोकरीत अडकलेली हवा. अंगाखाली ती दबून जाते, म्हणून सर्वांत महाग स्लीपिंग बॅगसुद्धा पाठीखाली जवळपास निरुपयोगी असते. आमच्या बाकाखालच्या कप्प्यात फोमच्या दोन घड्या पडून होत्या, ट्रेकिंगला जमिनीवर अंथरतात तसल्या. अण्णांनी त्या काढायला लावल्या आणि गादीवर पसरल्या. त्यावर आईनं बॅगेतून आणलेली वाकळ आली. गोधडीला आमच्याकडे वाकळ म्हणतात. मग त्यांनी कानटोपी घातली, मफलर गुंडाळला आणि म्हणाले, "आता झाली कोपी."

कोपी हा शब्द मी आमच्या घरात फार कमी वेळा ऐकलाय. ऊसतोड कामगार कारखान्याच्या पट्ट्यात जाऊन राहतात ते खोपट. बांबूच्या कांबी कमानीसारख्या वाकवायच्या, वर चटई किंवा पाचट घालायचं. आता ताडपत्री असते. माझे आजी-आजोबा तोडीला जायचे, हे मला माहीत होतं. अण्णा दहा-अकरा वर्षांचे होईपर्यंत दर दसरा-दिवाळीनंतर त्यांच्यासोबत बैलगाडीतून जायचे, हेही माहीत होतं. पण आमच्या घरची गोष्ट नेहमी अण्णा वसतिगृहात गेले तिथून सुरू व्हायची. त्याआधीचं कोणी बोलत नसे, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

त्या रात्री भट्टीचा पंखा चालू-बंद होत राहिला. मला एकदा जाग आली ती माझ्या पायाला काहीतरी लागलं म्हणून. अंधारात अण्णा उभे होते. पांघरुणाखाली हात घालून त्यांनी माझा तळपाय चाचपला, मग आईचा. मी हळूच विचारलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही. झोप."

मला झोप येईना. त्यांनाही येत नव्हती. आम्ही जॅकेटं घालून बाहेर पायरीवर बसलो. आकाशात इतक्या चांदण्या होत्या, की बोलायला काही विषय लागलाच नसता. ते स्वतःहून म्हणाले, माझी एक बहीण होती. सहा-सात महिन्यांची. तोडीवरच गेली.

पौषातली थंडी होती. उसाच्या पट्ट्यात पाटाचं पाणी, जमीन कायम ओली. खाली पाचट, त्यावर पोतं, त्यावर वाकळ. पण पाचट भिजलं होतं आणि ते बदलायला दिवस मिळाला नव्हता, कारण गाडी भरायची पाळी रात्री आली होती. आत विस्तव ठेवायची सोय नाही, एक ठिणगी पडली तर अख्खी रांग पेटायची. पोरीला गारठा बाधला, एवढंच घरात म्हणत. आज आपण न्यूमोनिया म्हणू. त्यानंतर आजी रोज रात्री दोन-तीनदा उठून सगळ्या पोरांचे तळपाय चाचपायची. गार लागले की पोराला उचलून आपल्या पोटाशी घ्यायची. अण्णांना झोपेत पायावर तिचा हात लागायचा. कोयत्यानं खरखरीत झालेला, ते म्हणाले.

मला काय बोलावं सुचलं नाही. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "आम्ही पैसे नव्हते म्हणून असं झोपायचो. तुम्ही पैसे भरून झोपता." आणि हसले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना ट्रेलर आवडला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो खालून वाकून पाहिला, टायर किती वर्षांचे आहेत ते विचारलं, मागचा जोड कसा बसतो ते दोनदा करून घेतलं. पण मला मात्र माझ्याच हौसेकडे जरा वेगळं बघावं लागलं. ज्याला मी 'सिस्टीम' म्हणत होतो, तिचे सगळे भाग आजीला ठाऊक होते. खालचा थर, कोरडेपणा, आत विस्तव नको, दोन अंगं जवळ. तिच्याकडे नव्हतं ते ज्ञान नव्हे. तिला पाचट बदलायला एक कोरडा दिवस हवा होता.

परतीच्या आधी अण्णांनी फोमच्या तसल्या घड्या कुठे मिळतात ते विचारलं. एकेकीचं वजन अर्ध्या किलोहून कमी, आणि फोम बंद पेशींचा असल्यानं पाणी पीत नाही. त्यांनी पाच घेतल्या. विमानतळावर त्या बॅगेबाहेर बांधताना आई वैतागली. इतकी मोठी वळकटी घेऊन लोक काय म्हणतील? अण्णा गावी पोचले तेव्हा टोळ्या निघायच्या तयारीत होत्या. बीडमधून आजही लाखो माणसं साखरेच्या हंगामात बाहेर पडतात, बैलगाड्यांच्या जोडीला ट्रॅक्टर आलेत, आणि पाळण्यातली पोरं अजूनही सोबत जातात.

महिन्याभरानं मी फोनवर विचारलं, घड्यांचं काय झालं?

दोन तान्ह्या बाळांच्या खाली गेल्या, अण्णा म्हणाले. एक एका म्हातारीनं कंबर दुखते म्हणून ठेवून घेतली. एक कोणीतरी कापून ट्रॅक्टरच्या सीटवर घातली. पाचवी त्यांच्याकडेच आहे, कारण ती ज्या घरी द्यायची होती त्यांची सून या वर्षी बाळंतपणासाठी गावातच थांबली.

"पुढच्या वर्षी येशील तेव्हा दहा आण," ते म्हणाले. "आणि सीटवाल्याला मी झापलंय."