स्विफ्टची सबफ्रेम

३ डिसेंबर, देवळाली कॅम्प

सकाळपासून रेंजवर तोफांचा सराव चालू आहे. एकेका आवाजाला गॅरेजचं शटर थरथरतं. बाईंच्या स्विफ्टचं इंजिन वरून आडव्या बारला साखळीने टांगलंय आणि जुनी सबफ्रेम खाली काढून ठेवलीय. वरून काळीभोर, धडधाकट दिसते. खालच्या अंगाला स्क्रू ड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला.

गाडी २००८ची. इथे येईपर्यंत ती वरळीला समुद्रासमोर उघड्यावर उभी असायची. दाबून काढलेले पत्रे वेल्ड करून ही फ्रेम होते, म्हणजे आतून पोकळ पेटीच. पाणी निघायची भोकं चिखलाने बुजली की खार आत मुरतो आणि गंज आतून बाहेर येतो. मुंबईची माणसं हवापालटाला देवळालीत यायची, त्यांच्यासाठी इथे सॅनिटोरियम उभी राहिली. या गाडीला इथली कोरडी हवा फार उशिरा मिळाली.

"भाऊ, ह्यांनी घेतलेली गाडी आहे. विकायची नाही," बाई म्हणाल्या. पंधरा वर्षं झाल्यावर आरसीचं पाच वर्षांचं नूतनीकरणही त्यांनी करून घेतलंय. वेल्डिंगचा पट्टा मारून भागवता आलं असतं. मी या भागाला वेल्डिंग मारत नाही. खालचे दोन्ही आर्म, स्टिअरिंगचा रॅक, इंजिनचं मागचं माउंटिंग, सगळं हिच्याच जिवावर असतं.

५ डिसेंबर

नवी फ्रेम आली. भोकांतून आत गंजरोधक मेण फवारलं आणि वाळत ठेवली.

६ डिसेंबर

आजचा दिवस वाईट. फ्रेम जॅकवर घेऊन वर चढवली. भाचा डावीकडे, मी उजवीकडे. चारही बोल्ट आधी हातानेच तीन-चार आटे बसवायचे, एकही आवळायचा नाही, हे मी त्याला सांगितलं होतं. डावीकडचा मागचा बोल्ट दोन आट्यांवर अडला. फ्रेम अर्धा सूत पुढे होती, एवढंच. ती हलवायची सोडून त्याने बोल्टला गोटी-पाना लावला. कर्र आवाज आला आणि माझ्या पोटात धस्स झालं.

बोल्ट काढला. त्याच्या आट्यात केसाएवढी चकचकीत तार गुंडाळून आली होती. नट चासीच्या आत वेल्ड केलेला, बाहेरून हात पोचत नाही.

"मामा, चुकलं," म्हणाला आणि गप्प उभा राहिला. मी रागावलो नाही. चूक माझीही आहे, त्या बाजूला मी स्वतः असायला हवं होतं. फ्रेम पुन्हा खाली घेतली.

७ डिसेंबर

बारा एमएम, सव्वाच्या आट्याचा टॅप आणला. तेल लावून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. तासभर तेच. टॅप सरळ जातोय का, हे मनगटाला कळतं. हे भाच्याला सांगून येणार नाही, म्हणून शेवटचे फेरे त्यालाच घ्यायला लावले. आटे वाचले. नवा बोल्ट दोन बोटांनी शेवटपर्यंत गेला, तेव्हा पोराचा चेहरा उजळला.

मग फ्रेम चढवली. चारही बोल्ट हाताने, फ्रेम सारखी करून, आणि मगच मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पाना. स्टिअरिंगच्या सांध्यावर उघडतानाच पांढऱ्या रंगाची खूण केली होती, तो सांधा खुणेला खूण जुळवून बसवला. इतके दिवस स्टिअरिंग सीटबेल्टने बांधून ठेवलं होतं. ते मोकळं फिरलं असतं तर एअरबॅगच्या वायरची गुंडाळी आत तुटली असती.

८ डिसेंबर

आर्मच्या बुशचे बोल्ट काल मुद्दाम ढिले ठेवले होते. चाकं लटकत असताना ते आवळले, तर गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि बुश लवकर फाटतो. म्हणून आज गाडी चाकांवर उभी केली, पुढून दोन-चारदा दाबून बसवली आणि पिटमध्ये उतरून मग आवळले. घाईत हीच पायरी गाळली जाते, आणि नवे बुश पुन्हा बदलायची वेळ गिऱ्हाइकावर येते. बोल्ट फिरला तर लगेच दिसावं म्हणून भाच्याने प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून फ्रेमवर पिवळी रेघ ओढली. दुपारी अलाइनमेंट.

९ डिसेंबर

बाईंना शेजारी बसवून भगूरपर्यंत जाऊन आलो. येताना गाडी त्यांनी चालवली. वळताना येणारा खालचा कट्-कट् आवाज गेलाय. लॅम रोडच्या सरळ पट्ट्यावर त्यांनी घटकाभर हात नुसते टेकवून ठेवले. गाडी कुठेही ओढली नाही. त्या काही बोलल्या नाहीत. डॅशबोर्डवरून एकदा हात फिरवला.

परत आल्यावर भाचा न सांगता बॅटरी घेऊन पिटमध्ये उतरला.

"मामा, रेघा सगळ्या जागच्या जागी आहेत."