आठ म्हणजे आठ?

स्केटबोर्डचा ट्रक म्हणजे फळीखालचा तो धातूचा सांगाडा. त्यातला हँगर तिरक्या आसावर फिरतो, म्हणून आपण झुकलो की चाकं वळतात. विकत मिळतो हो, पण मला स्वतः बनवायचा होता. डिग्री मेकॅनिकलची ना शेवटी, पोट कोडिंगवर चालत असलं म्हणून काय झालं!

कॅडमध्ये मॉडेल झकास झालं. हँगर ६०६१ अ‍ॅल्युमिनियमचा, अ‍ॅक्सल ईएन-८ स्टीलचा. शनिवारी ड्रॉइंग घेऊन भोसरीला गेलो. बाबा तिथे लेथवर काम करतात. कॉलेजात असताना हे कुणाला सांगायची मला लाज वाटायची... असो.

बाबांनी चष्मा लावला. "व्यास आठ मिलिमीटर. टॉलरन्स?"

"आठ म्हणजे आठ, बाबा."

ते काहीच बोलले नाहीत. मलाच लेथवर उभं केलं. दोन तासांनी मायक्रोमीटरवर ८.०२ आलं. मी जाम खूश! पण ६०८ नंबरचं बेअरिंग काही केल्या चढेना. त्याचं भोक आठच्या वर जातच नाही, झालं तर काही मायक्रॉन कमीच.

बाबांनी अ‍ॅक्सल फिरता ठेवून पॉलिश पेपर धरला. मोजलं, पुन्हा धरला. बेअरिंग सुळकन आत.

दुसऱ्या अ‍ॅक्सलला मात्र त्यांनी हात लावला नाही. तो पुढच्या शनिवारी मी करायचाय.