जांभई आणि कलम तीन

भारतीय पेटंट कार्यालयाने जुलै २०२५ मध्ये संगणकाधारित शोधांच्या परीक्षणाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. अशा दस्तऐवजांची भाषा रुक्ष असते आणि विज्ञानाचे विद्यार्थी त्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. पण या भाषेमागे एक टेबल असते, टेबलावर एक अर्ज असतो आणि तो वाचणारे एक माणूस असते. इथे ते माणूस म्हणजे पदार्थविज्ञान शिकून पेटंट परीक्षक झालेली एक तरुण स्त्री. तिच्यापुढे आलेला अर्ज मनगटपट्ट्याचा होता. अर्धशिशीचा झटका येण्याआधी तो धारकाला सावध करतो, असा त्याचा दावा होता. अर्जदार कोण, कार्यालय कोणते, हे सांगण्याचे कारण नाही. कथा त्यांची नाही.

अर्धशिशी हा शब्दच मुळी निदान आहे. अर्धे शीर दुखते म्हणून अर्धशिशी. आयुर्वेदातला ‘अर्धावभेदक’ही तेच सांगतो आणि ज्या ग्रीक ‘हेमिक्रेनिया’पासून ‘मायग्रेन’ झाले, त्याचाही अर्थ अर्धी कवटी असाच आहे. तीन भाषांनी एकाच दुखण्याला एकच नाव दिले. कर्नाटकातल्या एका मोठ्या लोकसंख्याधारित पाहणीत १८ ते ६५ वयोगटातील २५.२ टक्के लोकांना वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झाल्याचे आढळले होते. म्हणजे चारांत एक. परीक्षिकेच्या घरी ती एक तिची आई होती.

आई सांगलीला. झटक्याच्या आदल्या दिवशी आईला जांभया सुटत. झोप पूर्ण झालेली असे, काम नेहमीचेच असे, तरी एकामागून एक जांभया, मान आखडलेली आणि गोड खाण्याची विलक्षण इच्छा. “जांभया सुटल्यात बघ. उद्या डोकं धरणार,” असे ती सहज सांगे आणि बहुधा ते खरे ठरे. मग दुसऱ्या दिवशी कपाळाला सुंठेचा लेप, डोक्याला आवळून बांधलेला फडका आणि खिडकीवर चादर टाकलेली अंधारी खोली.

वैद्यक या जांभयांना आता गांभीर्याने घेते. मुख्य वेदनेआधी काही तास ते दोन दिवस चालणारी एक पूर्वावस्था असते. जांभया, थकवा, मान आखडणे, चित्त एकाग्र न होणे ही तिची लक्षणे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९७ रुग्णांच्या इलेक्ट्रॉनिक दैनंदिनीतील नोंदी तपासण्यात आल्या होत्या. पूर्वलक्षणे जाणवल्यावर त्यांनी डोकेदुखीचे जे भाकीत केले, ते ७२ टक्के नोंदींत बरोबर आले. रुग्ण स्वतःच एक संवेदक असतो. मनगटपट्ट्याने त्याच्यापेक्षा सरस असायला हवे, किंवा रुग्णाला जे जाणवत नाही ते मोजायला हवे.

अर्जातला पट्टा चार गोष्टी मोजत होता : हृदयाच्या ठोक्यांमधील अंतरातला चढउतार, त्वचेची विद्युतवाहकता, त्वचेचे तापमान आणि रक्तातील ऑक्सिजन. मग एक प्रशिक्षित संगणकीय प्रारूप त्यांवरून संभाव्यता काढत होते आणि ती एका मर्यादेपलीकडे गेली की पट्टा थरथरत होता. या राशी निवडण्यामागे तर्क आहे. पूर्वावस्थेत स्वायत्त मज्जासंस्थेचा तोल बदलतो आणि त्याची सावली हृदयावर व घामग्रंथींवर पडते. मेंदूत जे घडते ते मात्र मनगटावर दिसत नाही. डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाशरेषा दिसण्याच्या अवस्थेत मेंदूच्या पृष्ठभागावरून एक मंद लहर सरकते. कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये स्वतःला दिसणाऱ्या रेषांच्या गतीवरून तिचा वेग मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर असावा, असे गणित मांडले. १९४४ मध्ये लेआओ या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने सशाच्या मेंदूत तशीच लहर प्रत्यक्ष नोंदवली. आपल्याच दुखण्याचे मोजमाप करून निसर्गाचा एक स्थिरांक हाती लागावा, ही पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हेवा वाटावा अशी गोष्ट.

परीक्षिकेला हे सारे रंजक वाटले, पण तिचे काम वेगळे होते. तिला पाहायचे होते की हे नवे आहे का, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखे आहे का, आणि कायदा ज्याला शोध मानतो त्या चौकटीत ते बसते का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार वेळ लागला नाही. माद्रिदच्या कॉम्प्लुतेन्से विद्यापीठातील संशोधकांनी जवळपास याच राशींवरून झटक्याचे भाकीत करण्याचे काम २०१५ मध्येच प्रसिद्ध केले होते. म्हणजे राशींची निवड नवी नव्हती. अर्जदाराच्या बाजूने उरत होती ती संवेदकाची एक विशिष्ट मांडणी : हाताच्या हालचालीमुळे संदेशात मिसळणारा गोंगाट दोन प्रकाशमार्गांची तुलना करून वजा करण्याची युक्ती. सोळा दाव्यांच्या यादीत ती अकराव्या क्रमांकावर लपून बसली होती. पेटंट वाचणाऱ्यांना हा अनुभव नित्याचा आहे. जे भव्य असते ते पहिल्या दाव्यात असते आणि जे खरे असते ते कुठेतरी मागे.

मग आले कलम ३. भारतीय पेटंट कायदा, १९७० चे हे कलम शोध म्हणजे काय नव्हे, ते सांगते. त्यातील ‘के’ हे उपकलम गणिती पद्धत, निव्वळ संगणक आज्ञावली आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाकारते. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने ही अट सैल केली होती, पण २००५ मध्ये संसदेने ती सैलावणी स्वीकारली नाही. पुढे फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘निव्वळ’ या शब्दावर बोट ठेवले. आज्ञावलीमुळे काही तांत्रिक परिणाम साधत असेल, तर केवळ संगणक वापरला म्हणून अर्ज फेटाळता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्यामुळे अर्जदार या उपकलमातून सुटण्यासाठी पट्ट्याचा शरीराशी असलेला संबंध ठळक करतात : आमचे प्रारूप आकड्यांशी खेळत नाही, ते खऱ्या शरीरातील खरा बदल ओळखते.

नेमके इथेच ‘आय’ हे उपकलम वाट पाहत उभे असते. माणसावरील औषधोपचार, शस्त्रक्रिया, रोगप्रतिबंध, निदान वा अन्य उपचारांच्या पद्धतींना ते पेटंट देत नाही. हेतू स्वच्छ आहे. रुग्णाला तपासताना डॉक्टरच्या मनात परवान्याचा विचार येऊ नये. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गर्भाच्या डीएनएच्या विश्लेषणाशी संबंधित एका प्रकरणात निकष मांडला : त्या पद्धतीने उपचारासाठी निदान करता येत असेल, मग ते निदान अंतिम नसले तरी, ती पेटंटला अपात्र; तसे निदान करता येत नसेल तर पात्र. युरोपात २००५ पासून याहून अरुंद अर्थ चालतो. तपासणीपासून निष्कर्षापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या दाव्यात असतील, तरच तिथे बंदी लागू होते. त्यामुळे एखादी पायरी दाव्यातून वगळली की बंदी टळू शकते. भारतीय निकष शब्दांच्या अशा कसरतीला तितकासा भुलत नाही आणि ते योग्यच आहे.

अर्जदाराचे म्हणणे अपेक्षित होते. आमचा पट्टा निदान करतच नाही, तो भविष्य सांगतो. झटका अजून आलेलाच नसतो, मग निदान कशाचे? युक्तिवाद देखणा होता आणि परीक्षिका त्यावर दोन दिवस अडून राहिली. हॅम्बर्गच्या शुल्टे आणि माय यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच रुग्णाच्या मेंदूचे सलग ३० दिवस दररोज चित्रण केले होते. वेदनेच्या आधीच्या चोवीस तासांत त्या रुग्णाच्या हायपोथॅलॅमसची सक्रियता बदललेली दिसली. रुग्ण एकच होता, हे खरे. पण त्यातून आणि पूर्वावस्थेच्या साऱ्या अभ्यासांतून दिसते ते हेच की झटका वेदनेने सुरू होत नाही. वेदना त्याचा मधला अंक आहे. जांभया येतात तेव्हा आजार दाराबाहेर नसतो, घरात शिरलेला असतो. मग ज्याला अर्जदार भाकीत म्हणतो, त्याला शरीरविज्ञान ओळख म्हणेल. आणि चालू असलेला आजार ओळखण्याला मराठीत दुसरा शब्द नाही, तो निदानच.

त्यात अर्जाच्या चौथ्या पानावर अर्जदाराने स्वतःच लिहून ठेवले होते की इशारा मिळताच धारकाने औषध घेतल्यास झटका टळू शकतो. हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या पोकळ नाही. लॅन्सेटमध्ये २०२३ साली आलेल्या चाचणीत पूर्वावस्थेतच युब्रोजेपँट हे औषध दिले गेले. पुढील २४ तासांत मध्यम वा तीव्र डोकेदुखी न झाल्याचे प्रमाण औषध घेतल्यावर ४६ टक्के होते आणि बिनऔषधी गोळीवर २९ टक्के. म्हणजे लवकर कळण्याला किंमत आहे. पण मग तेच वाक्य ‘आय’ उपकलमाला जाऊन भिडते, कारण निदान उपचारासाठीच झाले. एका उपकलमापासून पळताना दुसऱ्याच्या हाती सापडावे, अशी ही जागा. तरी उपकरण आणि पद्धत यांत कायदा फरक करतो. ‘आय’ पद्धतींवर बंदी घालते, यंत्रावर नाही. परीक्षिकेने अहवालात पद्धतीच्या सर्व दाव्यांवर आक्षेप घेतला आणि अकराव्या दाव्यातील युक्ती मात्र पूर्वीच्या साहित्यात आढळत नसल्याचे नमूद केले.

खरी अडचण तिसऱ्याच ठिकाणी होती. अर्जात लिहिले होते : अचूकता ८९ टक्के.

तिने कागदावर साधे गणित मांडले. महिन्यात चार दिवस झटके येणारी एक रुग्ण धरू. पट्टा झटक्याचे ८० टक्के दिवस ओळखतो आणि बिनझटक्याच्या ९० टक्के दिवशी गप्प राहतो, असे समजू. झटक्याच्या ४ दिवसांपैकी सरासरी ३.२ दिवस खरा इशारा. उरलेल्या २६ दिवसांपैकी २.६ दिवस खोटा. एकूण अचूकता सुमारे ८९ टक्के, अर्जात आहे तितकीच. आता दुसरा पट्टा घ्या. त्यात संवेदक नाही, बॅटरी नाही, काही नाही. तो दररोज ‘आज झटका नाही’ एवढेच सांगतो. त्याची अचूकता तीसपैकी सव्वीस, म्हणजे जवळजवळ ८७ टक्के. सारे यंत्र त्या दोन टक्क्यांसाठी, आणि त्या बदल्यात जवळजवळ निम्मे इशारे खोटे. विद्यार्थ्यांनी हे गणित एकदा स्वतः करून पाहावे. आरोग्याच्या उपकरणांच्या जाहिराती त्यानंतर वेगळ्या वाचल्या जातात.

आणि खोट्या इशाऱ्यावर घेतलेली गोळी खरी असते. ट्रिप्टान गटातील औषधे महिन्यात दहा वा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले, तर औषधामुळेच डोकेदुखी जडते. साध्या वेदनाशामकांसाठी ही मर्यादा पंधरा दिवसांची आहे. महिन्यात सहा झटके आणि दोन्ही बाजूंनी ८० टक्केच क्षमता असलेला पट्टा घेतला, तर खरे इशारे ४.८, खोटे ४.८ आणि हुकलेल्या झटक्यांच्या गोळ्या १.२, बेरीज १०.८. मर्यादा ओलांडली. परीक्षिकेला हा आकडा पुस्तकातून शिकायचा नव्हता. आई एकेकाळी जांभई आली की गोळी घेऊ लागली होती, मग जांभई येईल या धास्तीने घेऊ लागली. महिन्याच्या चार दिवसांचे अठरा झाले. ते कळायला, औषध बंद करायला आणि बंद केल्यानंतरचे भयंकर आठवडे निभवायला दीड वर्ष गेले होते.

पण यातले काहीच परीक्षण अहवालात लिहिता येत नव्हते. उपकरण सुरक्षित आहे का, हे पेटंट कार्यालय ठरवत नाही. ते काम औषध नियामकाचे. १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपयोगाची सॉफ्टवेअरसुद्धा त्याच्या कक्षेत आली आहेत. ही विभागणी शहाणपणाची आहे, कारण पेटंट हा गुणवत्तेचा शिक्का नव्हे. तो वीस वर्षांपर्यंत इतरांना रोखण्याचा हक्क आहे, एवढेच. दुर्दैवाने खोक्यावर ‘पेटंटप्राप्त’ असे छापले की गिऱ्हाईक त्याचा अर्थ ‘खात्रीचे’ असा लावते, आणि विकणारे तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाहीत.

तिच्या हाती एकच सरळ मार्ग होता, आणि तो तिने वापरला. कलम १० (४) सांगते की शोध आणि तो प्रत्यक्षात आणण्याची रीत अर्जात पूर्णपणे व नेमकेपणाने लिहिलेली असली पाहिजे. तिने विचारले : प्रारूप कोणत्या प्रकारच्या नोंदींवर शिकवले? एकाच रुग्णाच्या नोंदी शिकवणीत आणि चाचणीतही होत्या काय? इशाऱ्याची मर्यादा कशी ठरवली? जाणकाराला हे वाचून पट्टा बनवता येणार नाही, असा आक्षेप होता. त्यामागची चिंता तिने लिहिली नाही, पण प्रश्न कायद्यातलेच होते. एकाच माणसाच्या लागोपाठच्या मिनिटांची सरमिसळ करून अर्धी शिकवायला आणि अर्धी तपासायला ठेवली, तर यंत्र आजाराऐवजी माणूस ओळखायला शिकते. प्रयोगशाळांतूनही ही चूक होते, नामांकित नियतकालिकांतूनही ती सुटते.

उत्तरासाठी अर्जदाराला सहा महिने असतात. उत्तर जवळजवळ मुदतीच्या शेवटी आले. पद्धतीचे दावे मागे घेतले होते, अकरावा दावा आता पहिला झाला होता, आणि अचूकतेच्या जागी दोन वेगळे आकडे, रुग्णनिहाय विभागणीसह. नवे आकडे जुन्यापेक्षा बरेच खाली होते. नियंत्रकांपुढील सुनावणी दूरचित्र-पद्धतीने झाली. लेखी म्हणणे देण्यासाठी पंधरा दिवस होते. निर्णय नियंत्रकांचा असतो, परीक्षकाचा नव्हे.

त्या रात्री तिने सांगलीला फोन केला. आई बोलता बोलता दोनदा थांबली आणि जांभई दिली.

“या महिन्यात किती गोळ्या झाल्या?” तिने विचारले.

“तीन. कॅलेंडरवर लिहिल्यात की,” आई म्हणाली. “थांब, बघून सांगते.”