आठशेचे प्रश्न

वाचकहो, आपल्या घरी कोणी रात्री दोन वाजेपर्यंत संगणकासमोर बसून प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धांचा सराव करीत असेल, तर माझी ही चूक आपण करू नये, म्हणून लिहीत आहे.

माझी कन्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘कोडफोर्सेस’वर प्रश्नांना काठिण्याचा अंक दिलेला असतो, सर्वांत सोपे ८००चे, सर्वांत अवघड ३५००चे. तिचे स्वतःचे रेटिंग १२००च्या आसपास. एकदा ती ८००चे प्रश्न भराभर सोडवीत होती. मी गणिताची शिक्षिका, सहज बोलून गेले, “येतंय तेच किती वेळा करशील?”

दुसऱ्या दिवसापासून तिने १९००चे प्रश्न घेतले. एकेका प्रश्नावर तीन-तीन दिवस. जेवण निवू लागले, झोप उडाली, नखे कुरतडून बोटे लाल झाली. महिन्याभराने म्हणाली, “आई, मला डोकंच नाहीये गं.”

त्याच सुमारास एका स्पर्धेत तिचा पहिलाच, सर्वांत सोपा प्रश्न चुकला. रीत बरोबर होती. पण गुणाकार २१४ कोटींच्या पुढे गेला आणि साध्या ‘इंट’मध्ये मावला नाही. असल्या चुका हाताला वळण असले की टळतात, आणि ते वळण सोप्या प्रश्नांनीच लागते. वर्गात मी पाढे घोटवून घेते. घरी मात्र हे विसरले. मी तिची क्षमा मागितली. (शिक्षिकेला हे जड जाते, हे कबूल करते.)

आता आरंभी दोन सोपे प्रश्न, घड्याळ लावून. मग स्वतःच्या रेटिंगहून दोन-तीनशेने वरचा एकच. त्याला दीड तास. सुटला नाही तर उकल वाचायची, ती मिटून कोड स्वतः लिहायचा आणि आठवड्याने तोच प्रश्न कोऱ्या पानावर पुन्हा. उकल वाचणे म्हणजे हार, हे तिच्या मनातून काढायला मला सर्वाधिक वेळ लागला. रात्री दहानंतर अवघड प्रश्न उघडायचा नाही, हा नियम मात्र तिने स्वतःच घातला. नुसत्या सोप्यांवरही ती थांबत नाही; तसे केल्यास कंटाळा येतो, असे ती सांगते.

रेटिंग अजून फारसे हललेले नाही. काल एक १५००चा प्रश्न अर्धवट राहिला. कागद फ्रीजवर चिकटवून ती अकराला झोपली.